आग्रह न करणाऱ्या घरात पोटभर कसं जेवायचं

जर्मनीत, म्युन्स्टर शहराजवळच्या एका लहान गावात, जर्मन कुटुंबाच्या घरी, माझं पहिलं जेवण संध्याकाळी साडेसहाला झालं. टेबलावर काळसर पाव, लोणी, चीजच्या चकत्या, काकडीचं लोणचं, टोमॅटो आणि वाडगाभर बटाट्याची कोशिंबीर. मी पावाची एक चकती खाल्ली, चार फोडी बटाटे घेतले आणि ओट्याकडं बघत बसले. म्हटलं, आता जेवण येईल. तेच जेवण होतं. घरच्या बाईंनी बटाट्याचा वाडगा पुढं करून विचारलं, ‘अजून?’ मला हवे होते. पण सांगलीत वाढलेली मुलगी पहिल्या विचारण्याला ‘हो’ म्हणत नाही. मी हसून ‘डांके’ म्हणाले. वाडगा परत गेला, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. रात्री अकराला बॅगेतलं भडंग अंधारात बसून खाल्लं. भडंग आवाज न करता खाता येत नाही, हे त्या रात्री कळलं.

नंतर भाषेच्या वर्गात समजलं की वाढताना नुसतं ‘डांके’ म्हटलं की तिथं त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असाच घेतात. हवं असेल तर ‘या, गेर्ने’ म्हणायचं, म्हणजे ‘हो, आवडेल’. परदेशी जाणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच दोन शब्द शिकवते, नाव-गाव सांगायच्या आधी.

आता मी सांगलीच्या विश्रामबागेत जर्मन शिकवते. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूरकडची मुलं येतात. कुणी ओ-पेअर म्हणून, म्हणजे कुटुंबात राहून त्यांची मुलं सांभाळायला, निघालेलं असतं, कुणी शाळेच्या देवाणघेवाण योजनेतून, कुणी भाषेच्या कोर्ससाठी पैसे भरून कुटुंबात राहणारं. पालकांचा प्रश्न एकच, ‘तिकडं खाणार काय?’ खायला भरपूर असतं हो. मागायचं कसं, ते आपल्याला येत नाही. पुढचं सगळं जर्मनीचं आहे, कारण माझा अनुभव तिथला.

सही करण्याआधी विचारायचं

तुम्ही कोणत्या नात्यानं त्या घरात राहणार, त्यावर जेवणाचा हक्क ठरतो. ओ-पेअरला राहणं-खाणं फुकट असतं, सुट्टीच्या आणि आजारपणाच्या दिवशीही. सुट्टी आहे म्हणून बाहेर जाऊन खायची गरज नाही. देवाणघेवाण योजनेतली कुटुंबं बहुतेक हौसेनं, पैसे न घेता ठेवून घेतात. तिथं तुम्ही घरच्या मुलासारखे, जे शिजेल ते खाणारे. पैसे भरून राहत असाल तर करार नीट वाचा. ‘अर्धं जेवण’ असं लिहिलं असेल तर सकाळची न्याहारी आणि एक मुख्य जेवण, बहुतेक संध्याकाळचं, एवढंच त्यात येतं. दुपारचं तुमचं तुम्ही बघायचं.

मग हे विचारा: स्वयंपाकघर वापरता येईल का? रोज, की ठरावीक दिवशी? फ्रिजमध्ये माझ्यासाठी कप्पा मिळेल का? शनिवार-रविवारी जेवण धरलंय का? काही घरांत पाहुण्या विद्यार्थ्यानं गॅस-शेगडीला हात लावलेला चालत नाही. ते तिथं पोचल्यावर कळण्यापेक्षा इथं सांगलीत बसून कळलेलं बरं. आणि घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हेही विचारा. आपल्या प्रत्येक भाजीत दाण्याचा कूट असतो, त्यामुळं आपल्याला हा प्रश्न सुचतच नाही. ॲलर्जी असेल तर भडंग आणि शेंगदाण्याची चटणी घरीच ठेवायची, त्यात तडजोड नाही.

पत्रात काय लिहायचं

‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यानं भागत नाही. त्यांचा शाकाहारी अंडं खातो, केकमधलं आणि नुसतंही. मासा चालतो का, असंही काही जण विचारतात. आणि भाजीच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असेल, घेवड्याच्या शेंगांत श्पेकचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे असतील, हे सांगायचं त्यांच्या लक्षात राहीलच असं नाही. म्हणून पदार्थांची नावं घेऊन लिहायचं. मी मुलांकडून लिहून घेते तो मजकूर साधारण असा (त्यातलं जिलेटिन म्हणजे पदार्थ घट्ट करायला घालतात तो प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढलेला पदार्थ):

‘मी मांस, कोंबडी, मासे खात नाही. मांसाच्या पाण्यातलं सूप आणि जिलेटिन घातलेले गोड पदार्थही खात नाही. केकमध्ये अंडं असलं तर चालतं, नुसतं अंडं नको. दूध, दही, लोणी, चीज आवडतं. तुम्ही माझ्या शेजारी बसून मांस खाल्लं तर मला त्रास होत नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी भारतीय जेवण करायला मला आवडेल.’

यात पूर्वी आणखी एक वाक्य असायचं, ‘माझ्यासाठी वेगळं काही करू नका.’ ते मी आता खोडायला लावते. आपण ते भिडेनं लिहितो, समोरचा ऐकणार नाही या खात्रीनं. ते ऐकतात. माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, ‘काहीही चालेल.’ तीन आठवडे तिला उकडलेले बटाटे आणि पाव मिळाला, अगदी प्रेमानं.

मांसाहारी मुलांना वाटतं, आपल्याला काही अडचण नाही. पण आपल्याकडचा मांसाहारी म्हणजे मटण-कोंबडी-मासे. गाईचं किंवा डुकराचं नको असेल तर तसं स्पष्ट लिहा. रिंड म्हणजे गाय-बैल, काल्ब म्हणजे वासरू, श्वाइन म्हणजे डुक्कर. खरा फसवा शब्द आहे ‘हाकफ्लाइश’, म्हणजे खिमा. दुकानात ‘गेमिश्ट’ लिहिलेला खिमा मिळतो तो गाय आणि डुक्कर यांचा एकत्र असतो, आणि लझान्या, पास्त्यावरचा सॉस, फ्रिकाडेले नावाच्या टिक्क्या यांत बहुतेक घरी तोच जातो.

सांगलीतच तालीम

निघायच्या आधी पंधरा दिवस, आठवड्यातून दोन संध्याकाळी, घरी थंड जेवण जेवायचं. तिकडं बऱ्याच घरांत गरम जेवण दुपारी असतं आणि संध्याकाळी ‘आबेंडब्रोट’, शब्दशः संध्याकाळचा पाव. बेकरीतून गव्हाचा ब्राऊन ब्रेड आणा, सोबत लोणी, चीज, काकडी, टोमॅटो. सात वाजता बसायचं आणि त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. आई म्हणेल, ‘ह्यानं पोट भरतं व्हय?’ पहिल्या दिवशी नाही भरत. आपलं पोट गरम कालवणाला सवकलेलं असतं. चौथ्या दिवसापर्यंत तुम्ही आपोआप दोनऐवजी चार चकत्या घ्यायला लागता, आणि तेच शिकायचंय.

काटा-सुरीची तालीम उकडलेल्या बटाट्यावर करा. काटा डाव्या हातात, सुरी उजव्या. आपल्याला डाव्या हातानं घास तोंडात घालायला जड जातं, मनालासुद्धा. ज्वारीच्या भाकरीवर जीव असणाऱ्यांना एक दिलासा: राईचा पाव चवीला आंबूस आणि चावायला घट्ट असतो, पण मऊ पांढऱ्या ब्रेडपेक्षा भाकरीच्या जवळचा तोच. लोणी लावून वर चिमूटभर चटणी भुरभुरा. चटणी म्हणजे आपली कांदा-लसूण चटणी; पुण्याकडं तिला मसाला म्हणतात, ते जाऊ दे.

बॅगेत काय, आणि काय नाही

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, चक्का नाही, आणि साताऱ्याहून मामानं आणून दिलेले कंदी पेढेही नाहीत. ताजी फळं-भाज्याही रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाहीत. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्या पाचच फळांना सूट आहे. तेव्हा कढीपत्त्याची जुडी, हिरव्या मिरच्या, लिंबं काढून ठेवा. आजी रडली तरी.

न्यायचं ते थोडं न्या: पाव किलो चटणी, हळद, हिंग, मोहरी-जिरं, गोडा मसाला. चटणीला तेल सुटतं, म्हणून आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग डब्यात, मग परत पिशवीत. हिंगाचा डबा काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर कपड्यांना महिनाभर वास. भेट म्हणून सांगलीची हळद आणि तासगावचे बेदाणे उत्तम. बेदाणे ते सकाळच्या म्युस्लीत घालून खातात, म्हणजे भेट कपाटात पडून राहत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे सांगितलं की टेबलावर बोलायला विषयही मिळतो.

डाळ-तांदूळ वाहून नेऊ नका. बासमती तिथल्या साध्या दुकानात मिळतो, ‘रोटे लिन्झेन’ म्हणजे आपली मसूर डाळ, ‘बुटरमिल्श’ म्हणजे जवळपास ताक. हिरवी मिरची, कोथिंबीर, वांगी, भेंडी तुर्की दुकानात. फक्त एक लक्षात ठेवा, रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारीच आणून ठेवायचं.

तूप तिथंच कढवा. ‘झावररामबुटर’ लिहिलेलं लोणी आणायचं. ते आंबवलेल्या सायीचं असतं, त्यामुळं आपल्या लोण्याच्या सगळ्यात जवळ जातं. २५० ग्रॅमच्या पाकिटातून साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. मंद आच, झाकण नाही, आणि बेरी तांबूस झाली की उतरवायचं. खिडकी उघडी ठेवा. त्यांना तो वास जळल्यासारखा वाटतो. आपल्याला दिवाळीसारखा.

पहिले तीन दिवस

पहिल्याच संध्याकाळी एक प्रश्न विचारायचा: ‘न विचारता मी काय काय घेऊन खाऊ शकते?’ ते म्हणतात, घरच्यासारखं समज. आपण ते औपचारिक समजतो आणि दुसऱ्याच्या घरचा फ्रिज उघडत नाही. मग भूक लागते, मग राग येतो, आणि आईला फोनवर सांगितलं जातं, ‘हे लोक खायला देत नाहीत.’ वास्तविक फ्रिज भरलेला असतो. म्हणून फ्रिजसमोर उभं राहून विचारून घ्या. हा कप्पा सगळ्यांचा, हे चीज उद्याच्या पाहुण्यांसाठी, हे दही मुलांच्या डब्याचं. पाच मिनिटांत होतं.

दुसरं, पाणी. नळाचं पाणी पितात, ते चांगलं असतं. बाटलीतलं बहुतेक बुडबुड्यांचं निघतं. बाटल्या फेकू नका. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात परत दिली की मिळते. कचऱ्याचे डबेही पहिल्याच दिवशी समजून घ्या. भाजीची सालं एकीकडं, कागद दुसरीकडं, वेष्टनं तिसरीकडं. चुकीचा डबा भरला तर तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण डबा परत उपसलेला दिसतो.

हाक कशी मारायची? त्यांनी सांगितलं तर सरळ नावानं. काका-काकू म्हणायची सोयच नाही. माझ्या आईला फोनवर मी बाईंना नावानं हाक मारताना ऐकून धक्का बसला होता.

टेबलावर

सगळे बसल्याशिवाय, आणि ‘गुटेन आपेटीट’, म्हणजे ‘पोटभर जेवा’, म्हणून झाल्याशिवाय सुरुवात नाही. हात मांडीवर लपवायचे नाहीत, मनगटं टेबलाच्या कडेला टेकवायची. लोण्याला आणि जॅमला वेगळी सुरी-चमचा असतो. आपली उष्टी सुरी त्यात गेली तर त्यांनाही आवडत नाही. उष्ट्याची शिस्त त्यांच्याकडंही आहे, फक्त तिला नाव नाही.

पानात टाकलेलं त्यांना खटकतं. म्हणून आधी थोडं घ्या, पुन्हा मागा. मागणं हा अपमान नाही. पुन्हा वाढायला कुणी उठणार नाही, वाडगा तुमच्या हाताच्या अंतरावर आहे, हात पुढं करा. झालं की काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी तिरकी ठेवायची. तीच एकमेकांपासून फाकून ठेवली तर ‘थांबलोय, अजून जेवतोय’. ‘इश बिन झाट’, म्हणजे पोट भरलं. हे एकदा म्हटलं की खरंच संपलं. नंतर मन बदलून चमचा पुढं करू नका.

आवडलं नाही तर? एप्रिल ते २४ जून हा पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम. श्पार्गेल म्हणतात त्याला, आणि घरात लग्न असल्यासारखा उत्साह असतो. मला तो शेवग्याच्या शेंगेचा आजारी गोरा भाऊ वाटला. मी दोन कोंब खाल्ले, सांगितलं की चव नवीन आहे, आणि बटाटे जास्त घेतले. एवढं पुरतं. खोटं कौतुक केलं असतं तर जूनपर्यंत रोज वाढलं गेलं असतं.

दुपारचा कॉफी-केक हा वेगळा समारंभ, बहुतेक रविवारचा. सायीच्या थंड केकमध्ये बरेचदा जिलेटिन असतं, आणि ब्लॅक फॉरेस्टमध्ये चेरीची दारू. विचारून घ्या: ‘इस्ट डा जेलाटीने ड्रिन?’, म्हणजे ‘यात जिलेटिन आहे का?’

पाकीट वाचायची युक्ती

युरोपात १४ ॲलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक छापावे लागतात. दूध, अंडं, मासे, शेंगदाणे, मोहरी त्यात येतात. त्यामुळं अंडं न खाणाऱ्यांनी घटकांच्या यादीत ठळक ‘आय’ शोधायचं, म्हणजे अंडं. जिलेटिन आणि डुकराची चरबी, ‘श्माल्त्स’, त्या यादीत नाहीत. ती बारीक अक्षरांत वाचूनच सापडतात. चीजमध्ये ‘लाब’ लिहिलेलं असतं, ते दूध नासवायचं विरजण. ते वासराच्या पोटातलंही असू शकतं, जिवाणूंपासून केलेलंही. खरं पार्मेझान तर वासराच्या लाबशिवाय होतच नाही. कडक पाळणाऱ्यांनी पिवळ्या गोलातलं हिरवं ‘व्ही’ चिन्ह असलेलं घ्यावं.

तुमचा स्वयंपाक

पहिल्या दिवशी मिसळ नको. अक्खा मसूर नको, खर्डा तर नकोच. मसालेभात, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर. मिरची वेगळ्या वाटीत.

शेगडी आधी बघा. बऱ्याच घरी विजेवरची काचेची असते, काही ठिकाणी इंडक्शन. खोलगट बुडाचा तवा तिच्यावर टेकत नाही, आणि ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. फ्रिजवरचं चुंबक भांड्याच्या बुडाला चिकटलं तर भांडं चालेल. सांगलीहून साडेतीन किलोचा कुकर घेऊन जाणारा एक मुलगा मला माहीत आहे. वर्षभर त्यानं त्यात मोजे ठेवले.

फोडणीच्या आधी वरचा धूर ओढणारा पंखा लावा, खिडकी उघडा, खोल्यांची दारं बंद करा. घराच्या बोळकंडीत आणि झोपायच्या खोल्यांत धुराची भोंगायंत्रं कायद्यानं बसवलेली असतात. मिरची तेलात पडल्यावर सगळं घर खोकतं, तो भाग वेगळा.

आणि हळद. माझी फजिती सांगते. भाजी ढवळलेला चमचा मी त्यांच्या पांढऱ्या ओट्यावर ठेवला. पिवळा गोल उमटला. घाबरून खाण्याचा सोडा लावून घासला, तर डाग लाल झाला! हळदीला सोडा-चुना लागला की लाल होते, कुंकू असंच करायचे, हे सांगलीच्या मुलीला आठवायला हवं होतं. घरच्या बाई आत आल्या तेव्हा मी ओट्यावरचं कुंकू पुसत होते. शेवटी साध्या पाण्यानं सोडा धुऊन काढला, पुन्हा पिवळं झालं, आणि ओटा खिडकीजवळ असल्यानं उन्हानं चारपाच दिवसांत फिकटत गेलं. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. लाकडी चमचे आणि फडकीही उन्हात ठेवा, आणि शिजवताना खाली ताटली ठेवायची सवय लावा.

उपास आणि फोन

संकष्टी-एकादशी असेल तर आदल्या दिवशी सांगा, त्यांचा स्वयंपाक वाया जातो. सोय मात्र छान आहे: बटाट्यांचा देश, दूध, दही, फळं. साबुदाणा आशियाई दुकानात.

आपल्या रात्री नऊला तिथं हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. ‘जेवलीस का गं?’ म्हणून आई तेव्हा फोन करते आणि तुम्ही ‘नाही’ म्हणता. हा हिशेब निघतानाच घरच्यांना समजावून ठेवा. जेवताना फोन टेबलावर नको.

जमत नसेल तर

वजन उतरतंय, भूक राहतेय, तर पहिल्या दोन आठवड्यांत बोला, तिसऱ्या महिन्यात नाही. तक्रार म्हणून न बोलता मोजून सांगा: ‘मला संध्याकाळी एक गरम पदार्थ लागतो, मी स्वतः करीन, अर्धा तास ओटा मिळेल का?’ त्यांना हे आवडतं, कारण काय करायचं ते त्यात स्पष्ट असतं. तरी फरक पडला नाही तर योजनेच्या स्थानिक समन्वयकाला लेखी कळवा. त्यासाठीच तो नेमलेला असतो. उपाशी राहून चांगलं म्हणवून घेऊ नका.

निघायच्या आधी त्यांना एखादा पदार्थ लिहून द्या. मी श्रीखंड दिलं. क्वार्क म्हणजे त्यांचा तयार चक्काच, फक्त ओलसर. ४० टक्के फॅट लिहिलेला घ्यायचा, रात्रभर फडक्यात टांगायचा. आपल्या हिशेबानं साखर बरोबरीनं पडते. त्यांच्या जिभेला एक तृतीयांश पुरते. कागदावर मी ‘साखर चवीनुसार’ लिहिलं होतं. बाईंनी पेन दिलं आणि म्हणाल्या, किती ग्रॅम? मी ते खोडून लिहिलं: क्वार्क ५०० ग्रॅम, पिठीसाखर १७० ग्रॅम, वेलदोडे ६, केशर १० काड्या, एक चमचा कोमट दुधात.